अंगावर कर्ज आहे म्हणून माणूस गहाण नाही

(लोधिवली येथे झालेल्या वाडी-प्रतिनिधींच्या बैठकीत संघटनेच्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. खालापूर आणि कर्जतच्या वाड्यांवर वाचून दाखवता यावं म्हणून बोलली तसंच ठेवलं आहे. शेवटी बैठकीत आलेले प्रश्न दिले आहेत.)



आज दाव्याचं आणि मोजणीचं बोलायचं नाही. आज कर्जाचं बोलायचं आहे. जमिनीच्या संघटनेत कर्ज कुठून आलं, असं कोणी म्हणेल. तर ऐका. गौरी-गणपती तोंडावर आले आहेत. घरातला दाणा संपत आलाय, भात अजून उभं आहे. अशा वेळी मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. दिवाळी झाली की टेम्पो येतो, माणसं वीटभट्टीला नाहीतर कोळशाच्या भट्टीला जातात ती पाऊस लागेपर्यंत परत येत नाहीत. आणि वनहक्काच्या दाव्याची पाहणी करायला माणसं येतात ती नेमकी याच महिन्यांत. वाडीवर कोण असतं? म्हातारी माणसं. दळीची जागा दाखवायला घरचा माणूस नाही, साक्ष द्यायला शेजारी नाही. म्हणजे जमीन एका बाजूने खातं ओढतं आणि दुसऱ्या बाजूने उचल ओढते. उचलीचं कोडं सुटलं नाही तर हातात पट्टा आला तरी तो कसायला माणूस घरी राहणार नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

आज दोनच गोष्टी घेऊन घरी जायचं. पहिली: कर्ज हा पैशाचा व्यवहार आहे. त्यात माणूस, त्याचे हात, त्याची बायकापोरं आणि वनहक्काची जमीन गहाण पडत नाही. दुसरी: कर्जाच्या भांडणात आदिवासीला फुकट वकील मिळतो, आणि तो कोणाची मेहेरबानी म्हणून नाही, कायद्याने मिळतो.

फुकट वकील कुठे आणि कसा

आधी दुसरी गोष्ट घेऊ, कारण ती कळली की पहिलीसाठी लढता येतं.

१९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याचं कलम १२ लक्षात ठेवा. त्यात लिहिलंय की अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट कायदेशीर मदत मिळेल. त्याला उत्पन्नाची अट नाही. कोणत्याही बाईला मिळेल, मग ती कोणत्याही जातीची असो, उत्पन्न कितीही असो. जो वेठबिगारीत अडकला आहे त्यालाही मिळेल. म्हणजे आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण यात बसतो. कातकऱ्यांच्या पुष्कळ घरांत अजून जातीचा दाखला नाही. तिथे कर्ज बाईच्या नावावर असेल, किंवा ती स्वतः भट्टीवर राबली असेल, तर अर्ज तिच्याच नावाने करा. बाईला ही मदत मागताना जातीचा दाखला लागत नाही.

जायचं कुठे? तालुक्याच्या कोर्टात. खालापूरला कोर्ट आहे, कर्जतला कोर्ट आहे. तिथे तालुका विधी सेवा समिती असते, तिचे अध्यक्ष तिथले न्यायाधीशच असतात. जिल्ह्याला अलिबागच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याला दाद लागली नाही तर तिथे जायचं. जायला गाडीभाडं नसेल तर १५१०० या नंबरला फोन करा, तो नंबर याच कामाचा आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. नाव, वाडी, कोण पैसे मागतोय, किती मागतोय, काय धमकी देतोय, एवढं पुरे. मग समिती वकील नेमून देते. वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला, कागद लिहिण्याचा खर्च, यातलं काही आपल्या खिशातून जात नाही. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, समितीकडे लेखी तक्रार करायची. आणि अर्ज दिला की पोच घ्या. सही-शिक्क्याची पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

कर्जाचे तीन ढीग करा

वकिलाकडे जाल तेव्हा तो विचारेल, कर्ज कसलं? आपण सांगतो, "लई झालंय." असं सांगून चालत नाही. घरी बसून तीन ढीग करायचे. सुगीत दाणे पाखडतो तसं. भरीव वेगळं, पोल वेगळं.

पहिला ढीग उचलीचा. वीटभट्टी, कोळसाभट्टी, ऊसतोड, शेठच्या फार्महाऊसवरचं काम. पैसे आधी घेतले आणि फिटेपर्यंत त्याच्याकडेच राबायचं, दुसरीकडे जायचं नाही, अशी बांधाबांध जिथे आहे तिथे कायदा त्याला कर्ज म्हणतच नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला आहे. त्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज संपलं. माफ केलं असं नाही, संपलं. ते वसूल करायला दावा लावता येत नाही. संपलेल्या कर्जापोटी कोणी पैसे घेतले तर घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वेठीला ठेवणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि हे वेठीचं कर्ज नाही, साधं कर्ज आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी शेठवर आहे, आपल्यावर नाही. वेठबिगार आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटीच्या कायद्यातही हा गुन्हा आहे.

हिशोब करून दाखवते. समजा एका जोडप्याने ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर दर आठवड्याला १,००० रुपये खर्ची मिळाली, २८ आठवडे. खर्चीचे झाले २८,०००. उचल आणि खर्ची मिळून ५८,०००. विटा किती पडल्या हे शेठच्या वहीत, आपल्याकडे काही नाही. हंगाम संपला, हिशोबाला बसले, शेठ म्हणतो तुमची मजुरी ४६,००० झाली, १२,००० अंगावर राहिले, पुढच्या वर्षी या. आपण मान खाली घालून येतो.

आता आपण मोजू. आठवड्याला सहा दिवस धरले तर २८ आठवड्यांचे १६८ दिवस. दोन माणसांचे ३३६ रोज. ४६,००० ला ३३६ ने भागा. दिवसाला १३७ रुपयेही पडत नाहीत. तेसुद्धा पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि पोरं विटा पालथ्या करतात त्यांचं काही धरलेलं नाही. केंद्र सरकारने रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात २०२४ साली दिवसाला २९७ रुपये दर ठरवला. नुसता तो धरला तरी ३३६ रोजांचे ९९,७९२ रुपये होतात. त्यातून घेतलेले ५८,००० वजा करा. राहिले ४१,७९२. म्हणजे जोडपं शेठचं देणं लागत नाही, शेठ जोडप्याचं देणं लागतो. भट्टीचा किमान वेतनाचा दर वेगळा असतो, तो कामगार अधिकाऱ्याकडे विचारायचा आणि असाच हिशोब मांडायचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशावर राबवून घेणं ही सक्तीची मजुरी आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ साली, दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे.

म्हणून या ढिगातलं कर्ज घेऊन वाटाघाटीला बसायचंच नाही. प्रांताकडे अर्ज द्यायचा. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांचा प्रांत कर्जतला बसतो. त्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असली पाहिजे आणि तिच्यावर त्या भागातले अनुसूचित जाती-जमातीचे तीन जण असले पाहिजेत, असं कायद्यात आहे. ती समिती आहे का, तिच्यावर आपला कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे प्रत्येक वेळी विचारा. चौकशी होऊन मुक्ततेचा दाखला मिळाला पाहिजे. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलाला २ लाख, आणि फार वाईट छळ झालेल्यांना ३ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. दाखल्याशिवाय त्यातलं काही मिळत नाही, म्हणून दाखल्याचा हट्ट सोडायचा नाही.

दुसरा ढीग गावातल्या सावकाराचा. शेकडा दहा रुपये महिना. ऐकायला लहान वाटतं. १०,००० वर महिन्याला १,०००, वर्षाला १२,००० नुसतं व्याज. आता कायदा बघा. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी व्याजाला मर्यादा आहे. त्या वर्षी सरकारने दर ठरवले ते असे: शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला शेकडा ९, तारण नसेल तर १२. बाकीच्यांना १५ आणि १८. हे महिन्याचे नाहीत, वर्षाचे दर आहेत. म्हणजे १०,००० वर शेतकऱ्याला तारणाशिवाय वर्षाचं व्याज १,२०० रुपये. सावकार त्याच्या दहापट घेतो. व्याजावर व्याज लावता येत नाही, आणि सगळं व्याज मिळून मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये.

सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे द्यायची, सहकारी संस्थांचं ऑफिस म्हणतात ते. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल आणि त्याला पंधरा वर्षं झाली नसतील तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देण्याचा हुकूम करू शकतो. आणि आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीन बिगर-आदिवासीला विकायला किंवा गहाण द्यायला जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, हे जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये ६ जुलै १९७४ पासून आहे. वनहक्काचा पट्टा तर विकताही येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करताही येत नाही. वारसाने पोरांकडे जातो, बस. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४). पट्टा गहाण ठेवला म्हणून कोणी स्टॅम्प पेपर दाखवला तर त्या कागदाला किंमत नाही.

तिसरा ढीग खऱ्या कायदेशीर कर्जाचा. बँक, सोसायटी, बचत गट, आणि वाडीवर बायांचे गट करून देतात ते फायनान्स कंपनीचं कर्ज. हे कर्ज खरं आहे, सही केली आहे, पैसे घेतले आहेत. इथे "आम्ही देणारच नाही" असं म्हणून चालणार नाही. पण इथेही वसुलीला नियम आहेत. फायनान्सच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं हे कर्ज बिनतारणाचं असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. शिव्या द्यायच्या नाहीत, धमकी द्यायची नाही. रात्री दारात येऊन बसतात, भांडी उचलून नेऊ म्हणतात, हे नियमाबाहेरचं आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, १४४४८ नंबरला माहिती मिळते.

जेल आणि जप्तीची भीती

शेठ, सावकार, वसुलीवाला, सगळ्यांचं हत्यार एकच: "जेलमध्ये टाकीन." हे हत्यार बोथट करायला हवं.

पैसे फिटले नाहीत एवढ्यावरून पोलीस कोणाला उचलू शकत नाहीत. वसुली हे पोलिसांचं काम नाही. वसुलीसाठी दिवाणी दावा करावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो. हुकूमनामा झाल्यावरही गरीब आहे म्हणून कैद होत नाही. पैसे असून लपवले, मालमत्ता दुसरीकडे वळवली, तरच कोर्ट तो विचार करतं. सुप्रीम कोर्टाने १९८० साली हे स्पष्ट सांगितलं: प्रामाणिक माणूस निव्वळ गरिबीमुळे देऊ शकला नाही तर त्याला कैदेत टाकता येणार नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही.

जप्तीचंही तसंच. दिवाणी कायद्याच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे. अंगावरचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. बाईच्या अंगावरचा, धर्माच्या रिवाजाने काढता येत नाही तो दागिना. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औतं, पोटापाण्याला लागणारी बैलं आणि बियाणं. शेतकरी आणि मजूर राहतो ते घर. मजुराची मजुरी. आता सांगा, आपल्या घरात याशिवाय काय आहे?

मात्र तीन ठिकाणी सावध राहायचं. एक, कोरा चेक सही करून द्यायचा नाही. चेक परत गेला तर ती फौजदारी केस होते आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दोन, कोर्टाचं समन्स आलं तर लपायचं नाही, परत पाठवायचं नाही. न गेलं तर एकतर्फी हुकूमनामा होतो. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, म्हणून त्याच आठवड्यात समितीत जा. तीन, जुन्या कर्जावर नवा अंगठा देऊ नका. साध्या पैशाच्या कर्जावर दावा करायला तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपत आली की सावकार गोड बोलतो, "नुसतं लिहून ठेवू, मागणार नाही." त्या अंगठ्याने मेलेलं कर्ज परत जिवंत होतं.

नादारी म्हणजे काय

आता शेवटचा रस्ता. तीन ढीग केले, पोल उडून गेलं, आणि जे भरीव राहिलं तेच इतकं आहे की जन्मभर फिटणार नाही. तेव्हा कायद्यात नादारीचा अर्ज आहे. लोक त्याला दिवाळं म्हणतात आणि शिवी समजतात. ती शिवी नाही. कोर्टापुढे उभं राहून सांगायचं की माझ्याकडे हे एवढं आहे, देणं हे एवढं आहे, फिटत नाही, कोर्टाने निवाडा करावा.

हा कायदा १९२० चा आहे, इंग्रजांच्या काळातला, आणि मुंबई शहर सोडून बाकी महाराष्ट्राला तोच लागू आहे. देणं ५०० रुपयांच्या वर असेल आणि फेडता येत नसेल तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. अर्जात सगळी देणी, देणेकऱ्यांची नावं-पत्ते, आणि आपल्याकडे जे काही आहे ते सगळं लिहायचं. काही लपवलं तर तोच गुन्हा होतो. कोर्टाने नादार ठरवलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय देणेकऱ्याला दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षण मागता येतं. असलेली मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते आणि वाटली जाते. पण मघाशी सांगितलेली कलम ६० ची यादी, भांडी, घर, औत, बियाणं, ती यातही वाचते. शेवटी कोर्ट मुक्ततेचा हुकूम देतं आणि मागचं देणं सुटतं. मुक्ततेसाठी वेगळा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो. तो केला नाही तर सगळी मेहनत वाया जाते, हे वकिलाला विसरू देऊ नका.

त्याची किंमतही सांगते. मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. नादार असताना न सांगता ५० रुपयांच्या वर उधार घेतलं तरी गुन्हा आहे. सरकारचं देणं, फसवणुकीचं देणं आणि बायकोपोरांची पोटगी यातून सुटत नाही. आणि कोर्टाच्या तारखा पडतात, अलिबागच्या फेऱ्या होतात. म्हणून हा पहिला रस्ता नाही. उचलीच्या कर्जासाठी तर हा रस्ता मुळीच नाही. जे कर्ज कायद्याने संपलंय ते नादारीच्या यादीत लिहिणं म्हणजे ते आपणच कबूल करणं.

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यात गरिबांसाठी नव्याने सुरुवात करण्याची सोय लिहिली आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, तर ते कर्ज पुसून टाकता येईल. वाचायला बरं वाटतं. पण मोठ्या कंपन्यांचे जामीनदार सोडून साध्या माणसांसाठी हा भाग सरकारने लागूच केलेला नाही. शिवाय त्यात अट आहे की स्वतःच्या मालकीचं घर नसावं. म्हणजे ज्याला घरकुल मिळालं तो बाहेर. कंपन्यांचं दिवाळं कायद्याने निघतं आणि कातकऱ्याचं दिवाळं भट्टीवर फेडावं लागतं. हा भाग लागू करा आणि घराची अट काढा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

कर्ज पुसलं जाणं नवीन नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तेव्हा इंग्रजाला १८७९ साली कायदा करावा लागला. शंभर वर्षांनी, १९७५ साली, महाराष्ट्र सरकारने लहान शेतकरी, शेतमजूर आणि कारागिरांची सावकारी कर्जं कायद्याने रद्द केली. सावकार सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७७ साली हरले. कर्ज हे देवाने लिहिलेलं नसतं. माणसाने लिहिलेलं असतं आणि माणसाला खोडता येतं.

आता काय करायचं

प्रत्येक वाडीने एक वही घालायची. शिकलेल्या पोरा-पोरींनी लिहायची. कोणी, कोणाकडून, कधी, किती घेतलं, काय कागद दिला, किती फेडलं. भट्टीवर जावंच लागलं तर रोजच्या विटा आणि आठवड्याची खर्ची तिथेच लिहायची. शेठची वही एक आणि आपली वही एक. कोर्टात दोन वह्या असल्या तर बोलता येतं.

लोकअदालतीचं बोलावणं आलं तर जा. तिथे कोर्ट फी नाही, तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते. पण तिथला निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही. म्हणून न झेपणाऱ्या हप्त्यावर अंगठा देऊ नका. "आज जमत नाही," म्हणायचा हक्क तिथे आपल्याला आहे.

एकट्याने जायचं नाही. समितीत जाताना वाडीतली दोन माणसं आणि एक लिहिणारा बरोबर घ्या. कर्जदार एकटा असतो तेव्हाच तो भितो.

बैठकीत आलेले प्रश्न

एका दादांनी विचारलं: शेठने कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेतलाय, आता काय?
उत्तर: आजच तालुका समितीत आणि तहसीलदाराकडे लेखी द्या की अमुक दिवशी, अमुक कारणाने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. पोच घ्या. सावकाराने रक्कम न लिहिता कोरा कागद करून घेणं सावकारी कायद्यातही गुन्हा आहे. त्या कागदावर उद्या काही लिहून आणलं तर आपली आधीची तारीख आपल्या बाजूने बोलेल.

एका मावशींनी विचारलं: नवरा वारला, मुकादम पोराला म्हणतो बापाची उचल तू फेड.
उत्तर: पोराने फेडायची नाही. बापाचं खरं कर्ज असलं तरी वारसाला बापाकडून जी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच ते लागतं, पोराच्या मजुरीवर येत नाही. आणि उचलीचं असेल तर ते कर्जच नाही. बापाच्या कर्जापायी पोराला राबवणं ही सरळ वेठबिगारी आहे. पोराला टेम्पोत बसवू नका, प्रांताकडे अर्ज द्या. अर्ज तुमच्या नावाने लिहू, आजच.

एका मुलीने विचारलं: गटात चौघींनी हप्ता भरला नाही, तर बाकीच्या बायांना रात्रीपर्यंत बसवून ठेवतात. ते चालतं का?
उत्तर: नाही चालत. गटाची जबाबदारी वेगळी आणि माणसाला अडवून ठेवणं वेगळं. अडवून ठेवलं तर तो गुन्हा आहे, पोलिसांत तक्रार द्या. पण आपल्यातल्याच बाया चौघींवर ओरडतात, हेही थांबवा. कंपनीला तेच हवं असतं.

आणखी एका दादांनी विचारलं: मग पावसाळ्यात खायचं काय? उचल घेतली नाही तर चूल पेटत नाही.
उत्तर: हा सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि तो वकिलाने सुटत नाही. रेशनकार्ड प्रत्येकाकडे हवं. रोजगार हमीचं काम आपण मागितलं पाहिजे, आणि मागणीची पोच घेतली पाहिजे, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. खावटी पाऊस लागायच्या आधी मिळावी म्हणून पेणच्या प्रकल्प कार्यालयाकडे आपण पुन्हा जाणार आहोत. आणि पट्टा मिळाला, त्यावर नाचणी-वरी निघाली, तरच मुकादमाला "नको" म्हणायची ताकद घरात येते. म्हणून सुरुवातीला म्हटलं, जमीन आणि कर्ज दोन्ही एकच आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीने आपली वही आणायची. ज्या वाडीत मुकादम आधी पोचेल तिने आधी निरोप द्यायचा.

जिंदाबाद!